अर्ध्या ठोक्याने मागे

एप्रिल लागला की आमच्या इमारतीखाली मंडपाचे बांबू येऊन पडतात. आधी बांबू, मग निळ्या कापडाचे तागे, मग कमिटीतली भांडणं आणि मग आवाज. हल्लीचा आवाज माणसाएवढ्या पेट्यांतून येतो. त्या पेट्या ट्रकवर एकावर एक रचतात आणि चाचणी म्हणून भर दुपारी एकच ठेका वाजवत राहतात. ओट्यावरची भांडी हलतात, भिंतीवरच्या तसबिरी हलतात, आणि ज्यांची जयंती आहे त्यांचीही तसबीर हलते. मी जयंतीच्या विरोधात नाही. मी शिकले, नोकरी केली, ही खिडकी माझ्या स्वतःच्या घराची आहे, हे सगळं कोणामुळे ते मला नीट ठाऊक आहे. म्हणून तर त्या थाटामाटाशी माझं जमत नाही.

पहिला ठेका कानावर आला की निमाताई उठते, खिडकी लावते, कडी बसली का ते बघते आणि परत येऊन पेपर वाचायला घेते. ती रागावत नाही. मी चहा टाकते. म्हातारपणाकडे निघालेल्या आम्ही दोघी बहिणी बंद खिडकीआड चहा पीत बसतो आणि मला दरवर्षी त्या एकाच एप्रिलचा वास येतो.

तो वास खळीचा. सुताला लावायची खळ, लूमचं तापलेलं तेल आणि उन्हाने भाजलेला पत्रा, या तिन्हींचा मिळून भिवंडीचा उन्हाळा होतो. आमची वस्ती निजामपुऱ्याच्या अलीकडे, तीन बाजूंनी लूमचे कारखाने. त्या खटखटीत आम्ही जन्मलो, त्यामुळे ती आम्हाला ऐकू यायची नाही. लाईट गेली आणि लूम थांबले की मात्र सगळी गल्ली एकदम दचकायची आणि माणसं ओरडून बोलतायत हे त्यांचं त्यांना कळायचं. हवेत कापसाचं भुसकट तरंगत असायचं. आई घरी कांड्या भरायची, म्हणजे लूमच्या धोट्यात बसवायच्या त्या दांडक्यांवर सूत गुंडाळायची, आणि संध्याकाळी उठली की तिच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. अण्णा, म्हणजे आमचे वडील, पाणीखात्यात होते. पाणी कधी येणार हे त्यांना सोडून सगळ्या गल्लीला ठाऊक असायचं.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची. मी अठरा-एकोणीसची असेन, निमाताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी.

आमच्याकडे स्टीलचे पेले आले ते सुबत्ता आली म्हणून नव्हे, निमाताईमुळे आले. काचेचं काहीही तिच्या हातात टिकायचं नाही. दाराच्या चौकटी तिला लागायच्या. चालताना तिचे हात हलायचे नाहीत, ते अंगालगत सरळ लटकत असायचे, इस्त्रीला टाकलेल्या सदऱ्यासारखे. चेंडू तिच्याकडे फेकला तर ती तो कुठे पडतो ते लक्ष देऊन बघायची. पण बोलायला लागली की वाक्य कसं अगदी पूर्ण. "येते का गं बाजारात?" असं कुणी विचारलं तर ती आधी विचारायची, "कुठल्या बाजारात, किती वाजता आणि परत कधी यायचं?" शेजारणी हसायच्या. तिला वाटायचं, आपण काहीतरी विनोदी बोललो, आणि मग तीही हसायची, त्यांचं हसून संपल्यावर.

लहानपणी खेळात ती कायम लिंबूटिंबू. म्हणजे पळायचं, पण पकडलं तरी बाद नाही. खेळायचं, पण मोजायचं नाही. लहानग्यांना आम्ही असं घ्यायचो आणि वर्षा-दोन वर्षांत ती पोरं मोठी होऊन खऱ्या खेळात यायची. निमाताई परकर-पोलक्यातून साडीत आली तरी लिंबूटिंबूच राहिली. फुगडीला तिचे हात सुटायचे, दोरीवरच्या उडीत दोरी तिच्या पायाशी येऊन थांबायची. ती भांडली नाही कधी. एकदा फक्त मला म्हणाली, "सुधा, मी बाद झाले तर बाद म्हणा ना."

त्या वर्षी आमच्या कमिटीने मुलींचं लेझीम पथक काढायचं ठरवलं. स्त्रियांना पुढे आणण्याचा विचार कमिटीला पलीकडच्या वस्तीच्या कमिटीवरून सुचला होता. त्यांनी आदल्या वर्षी काढलं होतं आणि त्यांचा फोटो पेपरात आला होता. विहाराच्या पायरीवर नावं द्यायची होती. सगळ्यांत आधी जाऊन नाव दिलं ते निमाताईने. घरी येऊन तिने सांगितलं तेव्हा आई कांडी भरता भरता थांबली.

"तुला जमंल का गं?"

"जमत नाही म्हणून तर शिकवणार आहेत," निमाताई म्हणाली. "जमत असतं तर शिकवलं कशाला असतं?"

आईने पुन्हा कांडी हातात घेतली. अण्णा पेपराआडून म्हणाले, "जाऊ दे तिला." मग पेपर खाली घेऊन मला म्हणाले, "तूपण जा."

शिकवायला शांताराम मास्तर होते. साताऱ्याकडचे, दिवसा कारखान्यात लूम दुरुस्त करणारे जॉबर, आणि लेझमीतलं त्यांना खरंच कळायचं. विहारामागच्या मैदानात संध्याकाळी आम्हाला उभं करायचे, स्वतः आमच्याकडे तोंड करून समोर उभे राहायचे, तोंडात शिट्टी. "पोरींनो, माझ्याकडं बघा. मी करतुय तसं करा. उजवा!" असं म्हणून ते स्वतः डावा पाय टाकायचे, म्हणजे समोरून बघणाऱ्या आम्हाला तो उजव्या बाजूला दिसायचा आणि आम्ही सगळ्या उजवा टाकायचो. सगळे शिक्षक असंच करतात. त्यात काही विचित्र आहे हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. एक लेझीम मात्र खणकन दुसऱ्या लेझमीवर आपटली.

"निमा, काय झालं गं बाळा?"

"मास्तर, तुम्ही उजवा म्हणता आणि स्वतः डावा टाकता. मी तुमचं ऐकू की तुमच्याकडे बघू?"

अख्खं मैदान हसलं. शिफ्ट सुटून बघायला उभे राहिलेले कामगारही हसले, त्यांना मराठी अर्धंच कळत होतं तरी. शालू नावाची माझी मैत्रीण ओरडली, "अगं, आरशात बघितल्यागत कर की!"

"आरशात बघून मी वेणी घालते तेव्हापण ती उलटीच होते," निमाताई म्हणाली.

पुन्हा हशा. मास्तर मात्र हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्याकडे पाठ करून शिकवायला सुरुवात केली. त्या दिवशी निमाताईची लेझीम कुणावर आपटली नाही. पण मास्तरांची पाठ वळली की बाकीच्या पोरी गप्पा मारू लागल्या, कारण शिस्त ही आमच्याकडे डोळ्याला डोळा भिडलेला असेपर्यंतच टिकते. मग त्यांनी दुसरी युक्ती काढली. दोन रांगा केल्या. मला पुढच्या रांगेत ठेवलं आणि निमाताईला मागच्या रांगेत, बरोबर माझ्या पाठीमागे. "तू फकस्त सुधाची वेणी बघायची," मास्तर म्हणाले. "माझ्याकडं बघू नको, माझं ऐकूबी नको."

तिने तेच केलं. माझी वेणी डावीकडे गेली की ती डावीकडे. तिला आधी बघावं लागे आणि मग करावं लागे, त्यामुळे ती सदा अर्ध्या ठोक्याने मागे असायची. आमचा झंकार उठायचा आणि त्याच्या मागून एकटीचा, लहानसा, निमाताईचा. सगळं बरोबर, फक्त उशिरा. कुंपणाशी उभा राहणारा एक कामगार रोज मास्तरांना न चुकता सांगायचा, "मास्टर, वो पीछेवाली दीदी लेट चल रही है." मास्तर म्हणायचे, "तुम्हारा लूम नहीं है, भाई. चलने दो."

हलगी जलद झाली की तिचं सगळं कोलमडायचं. हात एका ठिकाणी, पाय दुसऱ्या, आणि चेहऱ्यावर अशी एकाग्रता की बघवायचं नाही. मग ती थांबायची, लेझीम खाली धरून, ओळीत सरळ उभी राहून, पुन्हा संथ होण्याची वाट बघत. रांग सोडायची नाही. घरी आम्ही मागच्या बोळात सराव करायचो. मी पुढे, ती मागे. माझ्या पाठीला तिची नजर टोचायची इतकं ती बघायची.

याच दिवसांत दिघाशीहून आत्या आली. अण्णांची थोरली बहीण. बोलणं फटकळ आणि मन लोण्याचं. तिने बोळात उभं राहून आमचा सराव पाहिला.

"पोरीच्या हातापायात वारा भरला हाय," तिने निदान केलं. "वज्रेश्वरीला ने तिला. ऊन पाण्याच्या कुंडात बसव. सांधं मोकळं होतील."

अण्णांना घाम फुटला. त्यांनी देव सोडून तीस वर्षं होत आली होती आणि वस्तीत त्यावर भाषणंही केली होती. बरीच चर्चा होऊन असं ठरलं की कुंडात जायचं, देवळात जायचं नाही, आणि कुणी विचारलं तर पाण्यात गंधक असतं असं सांगायचं. एस.टी.ने आम्ही गेलो. निमाताईने पायरीवर बसून एक पाऊल पाण्यात घातलं आणि काढून घेतलं.

"काय झाला?" आत्याने विचारलं.

"पाणी गरम आहे."

"ऊन पानी हाय म्हनून तं आलो न आपुन!"

"मला वाटलं कोमट असेल," निमाताई म्हणाली, आणि आम्ही उकडलेल्या शेंगा खाऊन परत आलो. एस.टी.त आत्या तिच्या शेजारी बसली होती. तिचा सरळ, ताठ हात आत्याने आपल्या मांडीवर घेतला आणि घरापर्यंत दाबत राहिली. उतरताना अण्णांना म्हणाली, "न्हाय जमत तं न्हाय. पोर चांगली हाय. तिला कशाला नाचवता?"

आम्ही नाचवत नव्हतो. तिला जायचं होतं. एवढी साधी गोष्ट मी किती जणांना सांगितली त्या महिन्यात! लोकांना वाटायचं, ज्याला जे येत नाही ते त्याला आवडतही नसणार. किती सोयीचं आहे हे.

पुढे पुष्कळ वर्षांनी, नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा, तिची झोप पार उडाली म्हणून मी तिला मुंबईला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी झोपेबद्दल थोडं आणि लहानपणाबद्दल बरंच विचारलं. तिला एका रेषेवर चालायला लावलं, एका पायावर उभं केलं, समोर बसून स्वतःचे हात उचलून "असं करा" म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, ती तिथे नसल्यासारखं, इंग्रजीत ॲस्परगर हा शब्द सांगितला. माणसांचे इशारे उमगत नाहीत, बोललेलं शब्दशः घेतलं जातं, आणि अंगाच्या हालचालींचा मेळ बसत नाही, विशेषतः दुसऱ्यांच्या हालचालींशी. बुद्धीत काही कमी नाही. औषध नाही. मी घरी आल्यावर मिळेल ते वाचलं. वाचनाने मला आयुष्यभर जे दिलं तेच या वेळीही दिलं: झालेल्या गोष्टीचं नाव. वस्तीने तिला आजवर जी नावं ठेवली होती त्यांच्यापेक्षा हे बरं होतं, उच्चाराला अवघड असलं तरी. निमाताईला मी सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे त्या वर्षी माहीत असतं तर मला रांगेत ठेवलं असतं का?"

मी म्हणाले, बहुतेक नाही.

"मग ठीक आहे," ती म्हणाली.

त्या वर्षी. त्या वर्षी कमिटीचे अध्यक्ष काशिनाथभाऊ होते. माणूस वाईट नव्हता. रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं तर तेच रिक्षा आणायचे. पण पाहुणा म्हटला की त्यांच्या अंगात यायचं. त्या वर्षी पाहुणा मोठा होता, म्हणजे गाडीतून येणारा होता, आणि शिवाय वस्तीत पहिल्यांदा व्हिडिओ शूटिंग होणार होतं. मिरवणुकीच्या आदल्या संध्याकाळी भाऊ मैदानात आले, हात मागे बांधून आमचा सराव त्यांनी पाहिला आणि म्हणाले, "मास्तर, पाहुणे काय पोरींच्या पाठी बघनार का? दोन रांगा समोरासमोर करा. मधनं वाट ठेवा. पाहुणे मधनं चालत येतील, दोन्हीकडनं लेझीम. मानवंदना! शूटिंगवाला म्हनला, लय भारी दिसंल."

मास्तर म्हणाले, "भाऊ, पोरी तशा बसल्यात आता. एका दिवसात..."

"नुस्तं तोंड फिरवायचं हाय, मास्तर. त्यात काय शिकायचंय?"

पुढची रांग वळली. मी वळले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा निमाताईचा चेहरा माझ्यासमोर आला. तिला माझी वेणी दिसत नव्हती. ती माझ्या खांद्याच्या बाजूने डोकावून वेणी शोधत होती. शिट्टी झाली, हलगी झडली, मी उजवीकडे गेले आणि तिला जे दिसलं ते तिने केलं, म्हणजे माझा उजवा तिला डावीकडे दिसला आणि ती डावीकडे गेली. तिची अख्खी रांग एकीकडे आणि ती दुसरीकडे. तिची लेझीम शेजारच्या शालूच्या मनगटावर बसली. बांगड्या फुटल्या आणि रक्त आलं, फार नाही, पण दिसण्यापुरतं.

शालू रडली. निमाताई लेझीम खाली धरून सरळ उभी राहिली. भाऊ तिच्याजवळ गेले आणि अगदी मायेने बोलले. माया नसती तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. "निमाबाई, औंदा राहू दे. पाहुण्यांना लागलं-बिगलं तर वस्तीची शोभा व्हईल. फुडच्या वर्षी तुझी जागा पक्की. हां?"

"पुढच्या वर्षी नक्की?"

"नक्की म्हंजे नक्की."

तिने लेझीम त्यांच्या हातात दिली. तिची जागा रिकामी दिसू नये म्हणून रांग जरा जरा सरकवून घेतली. त्याला काही वेळ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी ती पथकाचीच पांढरी साडी नेसली, निळ्या काठांची. आई म्हणाली, दुसरी नेस. ती म्हणाली, आज जयंती आहे आणि ही जयंतीची साडी आहे. मिरवणूक चौकात पोचून पाहुण्यांची वाट बघत उन्हात उभी राहिली. पाहुणे अर्थातच उशिरा आले. उशिरा येण्यातच पाहुणेपण असतं. वेळेवर येतो तो नुसता माणूस. हार झाले, तुरे झाले, त्यांच्यासोबत आलेल्यांना हार झाले, सोबत आलेल्यांच्या ड्रायव्हरलाही कुणीतरी चुकून हार घातला आणि तो काढून घ्यावा की नाही यावर कमिटीत कुजबुज झाली. मग आम्ही समोरासमोर दोन रांगा केल्या, मधून वाट. शिट्टी झाली.

माझ्या समोर आता शालू होती, मनगटाला पट्टी बांधलेली. थोडा वेळ सगळं नीट चाललं. मग शालूचे डोळे माझ्या खांद्यावरून मागे गेले आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. तिच्या शेजारणीचंही. समोरची रांगच्या रांग माझ्यामागे काहीतरी बघत होती, आणि रस्त्याच्या कडेने हशा यायला लागला, आधी एक-दोन जणांचा, मग लाटेसारखा. पाहुणे आमच्यामधून चालत होते. हसू कशाचं ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही हात जोडले.

मला वळता येत नव्हतं. वळले असते तर माझी लेझीम शेजारणीला लागली असती. पण माझ्या पाठीवर ती ओळखीची टोचणी मला जाणवत होती.

नंतर भाऊंच्या घरी सगळ्या वस्तीला कॅसेट दाखवली तेव्हा मी ते पाहिलं. आम्ही दोन रांगा, पाहुणे, पुष्कळ हार. आणि माझ्यामागे, रांगेबाहेर, गटाराच्या कडेला निमाताई. तिने आपली जागा शोधली होती. जिथून वेणी दिसते ती जागा. हातात लेझीम नव्हती. मुठी मात्र लेझीम धरल्यासारख्या मिटलेल्या, आणि ती करत होती. खाली, वर, डावा, उजवा. सगळं बरोबर होतं. एकही चूक नव्हती. अर्ध्या ठोक्याने मागे, पण चूक एकही नाही. आपल्याला हसतायत हे तिच्या गावीही नव्हतं. कॅमेऱ्याचा रोख तिच्याकडे वळला हेही नव्हतं. शूटिंगवाल्याला आमच्यापेक्षा ती जास्त रंजक वाटली असणार, त्याने तिला बराच वेळ घेतलंय. मग चित्रात डावीकडून अण्णा येतात. गर्दीतून वाट काढत, टोपी हातात. ते तिच्यासमोर उभे राहतात आणि तिचे दोन्ही हात मनगटात धरून खाली आणतात. ओरडत नाहीत. नुसते धरून ठेवतात. ती काहीतरी बोलते. कॅसेटमध्ये हलगीमुळे ऐकू येत नाही.

काय बोलली ते तिने मला त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. "मी अण्णांना म्हटलं, अजून थांबायची शिट्टी झाली नाही."

अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. त्यावर ते कधीही बोलले नाहीत, मरेपर्यंत. मी त्यांना दोष देत नाही. लेकीला हसतायत हे बापाला दिसत होतं. तिला येतंय हे बघायला त्या क्षणी कुणाला उसंत होती? पण त्यानंतर कितीतरी वर्षं निमाताईचे हात वर गेले नाहीत. कुणाच्या बाळाला खेळवायला नाही, टाळ्या वाजवायला नाही. वाळत घालायचे कपडेसुद्धा ती खुर्चीवर चढून घालायची, हात वर करावे लागू नयेत म्हणून.

आणि तरीही ती वाट बघत राहिली. कारण भाऊ नक्की म्हणाले होते. पुढच्या एप्रिलमध्ये पहिल्या सरावाला ती केस बांधून, पदर खोचून मैदानात जाऊन उभी राहिली. मास्तरांनी भाऊंकडे पाहिलं. भाऊ म्हणाले, "फुडच्या वर्षी बघू, निमाबाई." ती परत आली आणि आईला म्हणाली, "त्यांनी वर्ष बदललं." त्यात कडवटपणा नव्हता. एस.टी.ची वेळ बदलावी तसं. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा गेली. मला ते सहन होईना, तेव्हा मी पथकात जाणं बंद केलं. तिसऱ्याच दिवशी तिने मला बोळात गाठलं.

"तू का जात नाहीस?"

"तुला घेत नाहीत म्हणून."

"पण तुझी जागा आहे तिथे."

"तुझी नाही ना."

"म्हणजे माझी नाही म्हणून तुझीपण रिकामी ठेवायची?" तिने खरंच न कळून विचारलं. "मग रांगेत दोन खड्डे पडतील, सुधा. जा तू."

मी गेले. लग्न होईपर्यंत जात राहिले.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मास्तरांच्या कारखान्यातले लूम मालकाने विकले आणि ते गावी परतले. पथक मोडलं. लेझमी विहाराच्या माळ्यावर गेल्या आणि चकत्या गंजल्या. ते वर्ष मला आठवतं, कारण मी बाळंतपणासाठी आलेले, बाळ दोन महिन्यांचं होतं. एप्रिलच्या पहिल्या संध्याकाळी निमाताई पदर खोचून मैदानात गेली आणि अंधार पडायला लागला तेव्हा परत आली. "कोणीच आलं नाही," ती म्हणाली. "पोरं क्रिकेट खेळत होती. मी त्यांना विचारलं, सराव कुठे आहे. त्यांना माहीत नव्हतं." तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं कुणाच्या लक्षात येणार? त्या पहिल्या वर्षानंतर तिचं नाव यादीत नव्हतंच.

त्या जयंतीला पहिल्यांदा बँजो पार्टी आली. ट्रकवर कर्णे, पाठीमागे नाचणारी सगळी वस्ती. ना शिट्टी, ना रांग, ना डावा, ना उजवा. ज्याला जसं येईल तसं. म्हातारे नाचत होते, लेकुरवाळ्या नाचत होत्या, काशिनाथभाऊ पोट सांभाळत नाचत होते. दारात उभं राहून बघताना माझ्या मनात आलं, अरे, आता कोण तिला चुकली म्हणेल? इथे चूक करायला जागाच नाही. मला इतका आनंद झाला की मी बाळ आईकडे दिलं, निमाताईचं मनगट धरलं आणि तिला ओढत त्या गर्दीत नेलं.

"नाच!" मी तिच्या कानात ओरडले. "हात वर कर! इथे कुणी चुकत नाही!"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग तिने पदर खोचला आणि हात उचलले. इतक्या वर्षांनी, खांद्यांच्या वर, मुठी मिटून. आणि समोर कुणाची पाठ आहे ते ती बघू लागली. समोर पाठ नव्हती. कुणाचं तोंड इकडे, कुणाचं तिकडे, जो तो गिरक्या घेत होता. ती एकीकडे वळली, दुसरीकडे वळली. तिचे हात हळूहळू खाली आले.

"सुधा," ती म्हणाली, "यात माझी जागा कुठली?"

"कुठलीही!"

"कुठलीही म्हणजे कुठली?"

मी नाचायची थांबले. बँजो कानठळ्या बसवत होता, आजूबाजूला सगळी ओळखीची माणसं घामाघूम होऊन उड्या मारत होती. ती क्षणभर वाट बघत राहिली, मी उत्तर देईन म्हणून. मग तिने पदर सोडला, हात अंगालगत सरळ ठेवले आणि त्या गर्दीतून एकटीच घराकडे निघाली. समोर येणाऱ्या प्रत्येकाला थांबून वाट देत, थांबून वाट देत. तिचा धक्का कुणालाही लागला नाही.